तात्यांची डायरी

कराडच्या बाजूला, कृष्णाकाठच्या एका गावात अण्णांचं ठिबक सिंचनाचं दुकान होतं. पाहावं तिकडं ऊसच ऊस. दुकानात चार विक्रेते. त्यांतले सगळ्यांत जुने म्हणजे तात्या. वीस वर्षं ते मोटारसायकलवरून वाड्यावस्त्या फिरत होते आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात रबर लावलेली एक छोटी डायरी असायची.

ठिबक विकायचं तर वेळ साधावी लागते. डोक्याएवढ्या उसात कोणी नळ्या अंथरत नाही. शेतकरी सांगतो, "ऊस तुटला की या." कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. आडसाली ऊस तर लावल्यापासून सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. तेव्हा आज "या" म्हणणाऱ्याकडे नेमकं कधी जायचं, हे दीड-दीड वर्ष ध्यानात ठेवावं लागतं. पंधरा दिवस आधी गेलं तर रान मोकळं नसतं, पंधरा दिवस उशिरा गेलं तर दुसऱ्याच दुकानाच्या नळ्या पडलेल्या असतात.

एका जानेवारीत तात्या मोटारसायकलवरून घसरले. पाय प्लास्टरमध्ये, सहा आठवडे घरी. अण्णांनी डायरी मागवून घेतली. पानापानांवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं : "वरला मळा, थोरला. खो. 3 ए. टोळी सं. नंतर." म्हणजे खोडवा, तीन एकर, तोडणीची टोळी संक्रांतीनंतर येणार. पण कुठल्या गावचा वरला मळा आणि कोणाचा थोरला, हे तात्यांवाचून कोणाला कळणार? ते घरून फोनवर सांगतील तेवढं सांगत होते, पण भर हंगामातली बरीच गिऱ्हाइकं तोवर दुसरीकडे गेली. अण्णांच्या मनाला लागलं, की दुकान आपलं आहे, पण गिऱ्हाईक तात्यांच्या खिशात आहे.

त्यांनी ठरवलं, गिऱ्हाइकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं. सीआरएम म्हणतात ते. पुण्याला जाऊन त्यांनी एक प्रात्यक्षिक पाहिलं. पडद्यावर रंगीत आलेख, महिन्याचा अंदाज, कोण किती विकतो त्याची क्रमवारी. अण्णा हरखून गेले. माणशी महिना 2,400 रुपये. पाच जणांचे वर्षाचे 1,44,000, वर 18 टक्के जीएसटी, मिळून 1,69,920. वर्षाचे पैसे एकदम भरून ते घरी आले. विक्रेत्यांना त्यांनी एवढंच सांगितलं, "उद्यापासून सगळं यात भरायचं."

तीन महिने आलेख छान वर चढत राहिले. मग एके दिवशी अण्णांनी यादीतल्या एका "नक्की घेणार" गिऱ्हाइकाला स्वतः फोन लावला. घंटी शेजारच्या टेबलावर वाजली. नंबर दुकानाचाच होता.

अण्णांनी धाकट्या विक्रेत्याला बोलावून घेतलं. पोरगा खाली मान घालून म्हणाला, "अण्णा, बत्तीस रकाने हायत. सगळे भरल्याबिगर ते पुढंच जात न्हाई. बांधावर उभं राहून शेतकरी एवढं सांगत न्हाई, आन् संध्याकाळी घरी जाऊन मला आठवत न्हाई."

अण्णा चिडले, पण पोरगा खोटं बोलत नव्हता, हेही त्यांना दिसत होतं.

दुकानाचे हिशेब अण्णांची सून बघायची. ती म्हणाली, "अण्णा, मला आठ दिवस द्या. मी तात्यांबरोबर फिरून येते."

जुलैचा महिना होता, आडसालीच्या लावण्या चालल्या होत्या. एका बांधावर तात्या थांबले. शेतकऱ्याचे हात चिखलानं भरलेले. पाऊस भुरभुरत होता आणि फोनला रेंज नव्हती. तात्यांनी तीनच गोष्टी विचारल्या : "वरल्या रानाची तोड कधी? किती एकर? अनुदानाचा अर्ज केला का?" शेतकरी म्हणाला, "तोड जानेवारीत. दीड एकर हाय. अर्जाचं कसं असतंय?" तात्यांनी समजावून सांगितलं, की केंद्राच्या योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ठरलेल्या खर्चाच्या 55 टक्के मिळतात, बाकीच्यांना 45, राज्याची पूरक मदत वेगळी; आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय माल घ्यायचा नाही. मग खिशातली पेन्सिल काढून त्यांनी एक ओळ लिहिली. सगळं मिळून पाच मिनिटं. लिहायला अर्धं मिनिट.

परतताना चहाच्या टपरीवर सुनेनं विचारलं, "तात्या, हेच मोबाईलमध्ये का भरत नाही तुम्ही?"

तात्या बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, खरं सांगू? वीस वर्षांत मी ही माणसं जोडली. ती त्या मशिनीत घातली, की उद्या माझी गरज काय? आन् ते मशीन मला काय देतंय? मी किती फिरलो ते अण्णांना सांगतंय, एवढंच."

सुनेला गाठ कुठं आहे ते कळलं. सॉफ्टवेअर निवडताना अण्णांनी आपल्याला काय दिसेल तेवढंच पाहिलं होतं. भरणाऱ्याला काय मिळेल, हे कोणी विचारलंच नव्हतं.

दुकानात आल्यावर तिनं चारही विक्रेत्यांना बसवलं आणि एकच प्रश्न केला, "सकाळी घराबाहेर पडताना तुम्हाला काय माहीत असलं, तर दिवस सोपा जाईल?" चौघांचं उत्तर जवळजवळ सारखं निघालं : आज कुठल्या गावात कोणाची तोड झाली असेल आणि कोणाचा अर्ज कुठवर आलाय.

त्यावरून तिनं सहाच रकाने ठरवले : नाव, गाव, मोबाईल, एकर, तोडीची तारीख आणि पुढं कधी जायचं. विक्रीचे टप्पेही त्यांच्याच बोलीतले ठेवले : अर्ज, पूर्वसंमती, बसवणी, मोका तपासणी, अनुदान जमा. महिनाभर हे सगळं मोबाईलवरच्या साध्या एक्सेल तक्त्यात चालवून पाहिलं. दोन रकाने बदलावे लागले, ते तिथंच फुकटात बदलले.

मग तिनं तीन सॉफ्टवेअर मोफत चाचणीवर घेतली आणि ती आधी तात्यांच्या हातात दिली. कसोट्या ठरलेल्या होत्या. नोंद एका मिनिटात होते का? रेंज नसताना लिहिलेलं रेंज आल्यावर आपोआप चढतं का? मराठीत लिहिलेलं गाव शोधलं की सापडतं का? तोच मोबाईल नंबर दोघांनी भरला तर सांगतं का? उद्या सोडायचं ठरवलं, तर सगळी यादी एक्सेलमध्ये परत काढून घेता येते का?

पहिलं रेंजशिवाय उघडेचना. दुसऱ्यातून यादी बाहेर काढायची तर महागडी योजना घ्यावी लागत होती. तिसरं दिसायला साधं होतं, पण सगळ्या कसोट्यांना उतरलं. माणशी महिना 800. जीएसटी धरून पाच जणांचे वर्षाला 56,640, आणि सुरुवातीला पैसे महिन्याच्या महिन्याला भरायची सोय.

अण्णांनी वरून एक नियम केला : गिऱ्हाईक ज्यानं पहिल्यांदा नोंदवलं, त्याला विक्रीतला वाटा मिळणारच, मग माल कोणीही बसवून येवो. तो नियम ऐकला आणि त्या रात्री तात्यांनी डायरीचं रबर काढलं. सुनेला शेजारी बसवून ते एकेक ओळ उलगडून सांगत गेले : कुठला मळा, कोणाचा थोरला, कोणाला पहाटेच गाठावं लागतं, कोण चहा घेतल्याशिवाय बोलत नाही. चार रात्रींत वीस वर्षं कागदावरून बाहेर आली.

पुढच्या जानेवारीत तात्या लेकीच्या बाळंतपणासाठी आठ दिवस गावाला गेले होते. सकाळी धाकट्या विक्रेत्याच्या मोबाईलवर यादी आली. त्यात जुलैमधलं ते वरलं रान होतं : दीड एकर, तोड झाली, पूर्वसंमती आली. पोरगा गेला तेव्हा रानात पाचट पडलेलं होतं. शेतकरी म्हणाला, "तात्या न्हाई आलं?" पोरगा म्हणाला, "तात्यांनीच धाडलंय. म्हणाले, तोड झाली की लगेच जा."

ते अक्षरशः खरं होतं. त्यांनी ते सहा महिन्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं.

तात्या परत आले, तेव्हा अण्णांनी त्यांचा वाटा त्यांच्या हातावर ठेवला. तात्यांनी पैसे सदऱ्याच्या खिशात ठेवले. डायरीची जागा आता मोकळीच होती.

तात्पर्य : साधन घेताना, त्यात रोज नोंद करणाऱ्या माणसाला आधी विचारावं आणि त्या नोंदीचं पहिलं फळ त्याच्याच पदरात पडेल असं पाहावं. भरणाऱ्याला फळ मिळालं, की नोंद खरी होते. आणि नोंद खरी असली, तरच मालकाचा हिशेब खरा ठरतो.