तलवार मागवण्याआधी

मालवण
नारळी पौर्णिमेनंतरचा सोमवार

चि. बाळास,


काल तुझ्या आईचा फोन आला. "पोरगा पहिल्या पगारात गेममधली तलवार घेतोय, तूच सांग त्याला काहीतरी," म्हणाली. तिला वाटलं मी तुला ओरडेन. अरे, ज्याचं सगळं आयुष्य दशावताराच्या पेटाऱ्याजवळ गेलं, त्याने तलवारीच्या हौसेला नावं कशाला ठेवावीत? घे तू. पण रक्कम लहान नाही, आणि एकदा मनात आलं की तुला दम निघत नाही, म्हणून हे लिहितोय. सावकाश वाच.

सहा वर्षांचा असताना मे महिन्यात तुला सावंतवाडीच्या चितार आळीत नेलं होतं, आठवतं? तिथला लाकडी चिकू तू उचललास आणि थेट चावलास! दुकानातल्या आजी रागावल्या नाहीत. त्यांनी काजूचं बोंड तुझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "चावन काय बघतंस रे, देठ बघ." रंग कुणीही चढवतो. देठाजवळची खाच, बी बोंडाला जिथे चिकटते तिथली बारीक वळी, ही मात्र खरं फळ समोर ठेवल्याशिवाय उतरत नाही. ते पांगाऱ्याचं बोंड अजून देव्हाऱ्याशेजारी आहे. एका अंगाची लाख थोडी उडालीय, पण खाच तशीच आहे.

तुझ्या तलवारीचं खरं फळ कुठलं, ते आधी ठरव. तू घेतोयस ती मास्टर सोर्ड तुझ्या मामेभावाने मला मोबाइलवर दाखवली. 1991 च्या 'अ लिंक टू द पास्ट' या खेळात ती पहिल्यांदा आली, तेव्हा पडद्यावर नुसते चार ठिपके. 1998 च्या 'ओकारिना ऑफ टाइम'मध्ये तिला घडण आली. 2017 च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये ती ठरावीक शत्रूंपुढे निळी उजळते. नाव एकच, पण मूठ, आडवी पट्टी, रंग दर खेपेला थोडे वेगळे. मग दुकानदार 'हुबेहूब' लिहितो ते कुणासारखं? खेळाचं नाव आणि साल तो सांगत नसेल, तर तिथेच थांब. पेटीवर कंपनीचा परवाना छापलेला असला तरी त्याचा अर्थ विकायचा हक्क आहे इतकाच. नक्कल बरोबर आहे की नाही, ते तुझं तुलाच बघावं लागेल.

बघायचं कसं, ते सांगतो. मुकुट नवा करायचा झाला की आम्ही जुन्यावर दोरा धरायचो. तूही तसंच कर. खेळात तलवार अगदी समोरून दिसेल असं चित्र थांबव, पडद्यावर दोरा ताण, आणि मुठीची लांबी पात्यात किती वेळा बसते ते मोज. मग विक्रेत्याच्या फोटोवर तेच मोज. तिरका फोटो असेल तर मोजूच नको, सरळ फोटो माग. एकूण लांबी बरोबर असून मूठ जाड निघाली, की ती तलवार हातात कायम परकी वाटते. बंदाईच्या प्रॉप्लिका मालिकेतली सुमारे 105 सेंटिमीटरची आहे म्हणे, दिवे आणि आवाजासकट. पण आकडा ऐकून भुलू नको, दोरा लावूनच बघ.

रंगाचं तर फारच जप. आमच्या लाकडी तलवारीला बेगड चिकटवलेली असायची. जत्रेत रात्री गॅसबत्तीच्या उजेडात दहा हातांवरून ती अशी चमकायची की पुढे बसलेली पोरं मागे सरकायची. सकाळी पेटारा भरताना तीच हातात घेतली की खळीचे डाग दिसायचे आणि टोकाचा टवका उडालेला असायचा. लांबून बघायला केलेली वस्तू आणि हातात धरायला केलेली वस्तू यांचं माप एक नसतं. विक्रेते फोटो गॅसबत्तीतला देतात. तू दिवसाच्या उजेडातला माग, तोही मुठीजवळचा, सांधा दिसेल असा.

साहित्य कोणतं तेही लिहून घे. 2018 साली 'फॉलआउट 76' या खेळाची 200 डॉलरची खास पेटी निघाली होती. जाहिरातीत कॅनव्हासची पिशवी, आणि लोकांच्या हाती पडली पातळ नायलॉनची. कंपनीने आधी भरपाई म्हणून खेळातली नाणी देऊ केली, तीही पाच डॉलरच्या आसपासची. लोक खवळले तेव्हा कुठे कॅनव्हासची पिशवी द्यायचं कबूल केलं. त्या लोकांकडे निदान जाहिरातीतला शब्द तरी होता. तुझ्याकडेही लेखी काहीतरी हवं. पण लिहिलेलं सगळंच खरं मानू नको. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखं 2024 ला साताऱ्यात आली. शिवाजी महाराजांनी वापरलेली ती हीच, हे सिद्ध करता आलेलं नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. एवढी मोठी संस्था इतकं मोजून बोलते, आणि ऑनलाइन दुकानात 'शंभर टक्के अस्सल' बिनधास्त लिहितात.

आणि झिला, धार लावलेलं धातूचं पातं घेऊ नकोस. रेल्वेत पोलिसांनी अडवलं तर "मामा, ही गेममधली आहे" हे तिथे कोण ऐकणार? तुझ्या त्या पोशाखांच्या मेळाव्यातही धातूची पाती दारातच अडवतात. प्लॅस्टिकची किंवा फोमची घे. आमच्या लाकडी तलवारींनीसुद्धा कपाळं फुटलेली मी पाहिलीत.

इकडे दोन महिन्यांची बंदी संपून होड्या पाण्यात गेल्या. पहिला बांगडा चांगला आला, पण भाव ऐकून तुझी मामी घरी परतली. आजीचा गुडघा पावसात दुखतो. रोज एकदा तुझं नाव काढते.

आता एवढंच कर. तलवारीचा सरळ फोटो आणि विक्रेत्याने लिहून दिलेलं मला पाठव. दोरा माझ्याकडे आहे, मीही मोजतो. पैसे भरण्याआधी फोन कर. रात्री नऊनंतर कर, तेव्हा इथे रेंज असते.

तुझा,
मामा