बी नसलेल्या केळीची वंशकथा

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनार तहसिलीत केळीची बाग लावायची तर बियाण्याच्या दुकानाची पायरी कोणी चढत नाही. निरोगी झाडाच्या बुंध्याशी फुटलेला, तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा कंदासकट काढायचा आणि खड्ड्यात लावायचा, ही जुनी रीत. आता बहुतेक ठिकाणी टिशू कल्चरची रोपे ट्रेमधून शेतात येतात. दोन्हींत बी नाही, परागीभवन नाही. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत बुऱ्हाणपूरची ओळख ठरलेले हे पीक पूर्णपणे अलैंगिक प्रजननावर उभे आहे.

त्याचे कारण केळीच्या पेशीत आहे. बसराई, ग्रँड नैन या कॅव्हेंडिश गटातल्या जातींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, एकूण ३३ गुणसूत्रे. त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत म्हणून बी धरत नाही. फळ मात्र परागाशिवाय भरते. सह्याद्रीच्या कड्यांवरची रानकेळ नेमकी उलट वागते. ती मुनवे देत नाही. आयुष्यात एकदाच फुलते, टणक बियांनी भरलेली फळे धरते आणि मरते.

सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त कांडापासून लावायच्या झाडांची यादी दिली. तीत फणस, डाळिंब आणि द्राक्षासोबत केळही आहे. कांडाला शेण लिंपावे अशी सूचनाही आहे. म्हणजे बियांविना झाड कसे वाढवायचे ते शेतकऱ्याला केव्हाचे ठाऊक होते. ते का घडते, हा प्रश्न फार उशिरा पुढे आला, आणि तोही प्राण्यांच्या निमित्ताने. १७४० मध्ये जिनिव्हाच्या शार्ल बोने या वीस वर्षांच्या तरुणाने नुकताच जन्मलेला मावा काचेखाली एकटा ठेवला. नराशी गाठ पडण्याचा संभवच नव्हता. तरीही त्या एकट्या मादीने ९५ पिल्ले दिली. त्याच सुमारास निसर्ग-अभ्यासक अब्राहम ट्रेम्ब्ले हायड्रा या पाण्यातल्या इवल्या प्राण्याचे तुकडे करत होता आणि तुकड्यातुकड्यातून अख्खा हायड्रा उभा राहत होता. नर-मादीच्या मीलनाशिवाय संतती नाही, या समजुतीला तिथे तडा गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइजमानने मांडले की लैंगिक प्रजननात दोन वंशांची सरमिसळ होते, त्यातून विविधता येते आणि निसर्गाला निवडीसाठी वाव मिळतो. विचार मोलाचा होता. पण त्याचा एक सोपा, घाईचा अर्थ रूढ झाला: एकाच पालकाची संतती म्हणजे हुबेहूब प्रती, पिढ्यान्‌पिढ्या न बदलणाऱ्या.

प्रयोगशाळेला हीच कल्पना मानवली. १९०२ मध्ये गॉटलीब हाबरलांट या वनस्पतिशास्त्रज्ञाने म्हटले की वनस्पतीच्या एकट्या पेशीतही अख्खे झाड घडवण्याची क्षमता असावी. त्याच्या पेशी पोषक द्रवात जगल्या, पण विभागल्या नाहीत. १९५८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ स्टुअर्डने गाजराच्या पेशींपासून रोपे मिळवली. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्या ऊतींसाठी पोषक माध्यमाचे सूत्र दिले, आणि टिशू कल्चर प्रयोगशाळांत ते आजही वापरले जाते. १९९०च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैनची अशी रोपे शेतकऱ्यांपर्यंत नेली आणि खानदेशाबरोबर बुऱ्हाणपूरच्याही बागा बदलल्या. अख्खी बाग जवळपास एकाच वेळी निसवू लागली, घड लवकर आणि सारखे येऊ लागले. केळी उत्पादकाच्या हाती यातून खरा पैसा आला. तो लाभ कमी लेखू नये.

पण अशा एकसारख्या बागेत एक झाड ज्या रोगाला बळी पडते, त्याला सगळी बाग बळी पडू शकते. विसाव्या शतकाच्या मध्यावर पनामा या बुरशीजन्य मर रोगाने मध्य अमेरिकेतली ग्रॉस मिशेल ही निर्यातीची जात बाजारातून घालवली. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशवर उठला आहे. भारतात बिहार, उत्तर प्रदेश आणि गुजरातबरोबर बुऱ्हाणपुरातही त्याची नोंद झाली. मातीत ही बुरशी अनेक वर्षे तग धरते. दुसरीकडे कुकुंबर मोझॅक विषाणू, केळी पट्ट्यातला ‘हरण्या’, कोवळ्या बागा उपटायला लावतो. त्याचा प्रसार मावा करतो, म्हणजे बोनेच्या काचेखालच्या त्या किड्याचेच भाऊबंद.

इथे न बदलणाऱ्या प्रतींची जुनी समजूत अडखळते. मावा उबदार हवेत नराविना वाढतो. टीआर-४ बुरशीचीही लैंगिक अवस्था आजवर आढळलेली नाही. मग हे दोघे बदलतात, टिकतात, आणि केळच कशी मागे पडते? त्यांची संख्या अफाट, पिढ्या झपाट्याच्या. प्रत बनताना होणाऱ्या चुका, म्हणजे उत्परिवर्तने, साचत जातात आणि निसर्ग त्यांतून निवडत राहतो. केळीतही असे बदल होतातच. बुटकी बसराई आणि ग्रँड नैन यांच्यातला उंचीचा फरक तसाच आला. फक्त इथे निवड माणसाच्या हाती आहे आणि माणसाने सतत सारखेपणा निवडला. तैवानमध्ये संशोधकांनी टिशू कल्चरच्या रोपांत आपोआप झालेले बदल हेरून टीआर-४ ला बऱ्यापैकी दाद न देणारे वाण काढले. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने सह्याद्रीतलीहून वेगळ्या एका रानटी केळीतले जनुक घातलेल्या क्यूकॅव्ह-४ या कॅव्हेंडिशला मान्यता दिली. ती वाट मात्र बी धरणाऱ्या रानटी नात्यातूनच गेली.

म्हणून खकनार-बुऱ्हाणपूरच्या केळी उत्पादकांनी विषाणू-तपासणी झालेली प्रमाणित रोपेच घ्यावीत आणि रोगट बागेतला मुनवा व माती दुसऱ्या शेतात नेऊ नये. काकडीवर्गीय पिके आणि तण बागेलगत ठेवू नयेत, मावा तिथे पोसतो. आणि मर लागलेल्या पट्ट्यात एखादे झाड हिरवेगार उभे दिसले, तर ते तोडू नका. त्यावर खूण करा आणि कृषी विज्ञान केंद्राला कळवा.