दशमांश: कायदा गेला, गाळ राहिला

आजचं वाचन: अनुवाद 14:22-29, मार्क 7:9-13, करिंथकरांस दुसरे पत्र 8:1-15



मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला एका बहिणीचा मेसेज आला. मूळची साकोलीकडची, आता पुण्यात नोकरीला. एकच ओळ होती: "दादा, मी देवाला लुटतेय का?"

मग तिने हिशेब पाठवला. पगार हातात येतो 28 हजार. खोलीभाडं आणि मेस 11 हजार. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता 5 हजार. घरी 9 हजार, कारण यंदा कापणीच्या वेळी पाऊस आला आणि बाबांचं धान बांधीतच भिजलं. उरले 3 हजार. त्यात ती जाते त्या मंडळीत मलाखीच्या तिसऱ्या अध्यायावर संदेश झाला, की दशमांश न देणारा देवाला लुटतो आणि शापाखाली राहतो. तिचा दशमांश होतो 2,800. तो दिला तर महिन्याला 200 रुपये उरतात. "शाप लागू नये म्हणून घरचे पैसे कमी करू का?" असं तिने विचारलं होतं.

खरं सांगू? त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. आठवडाभर वचन वाचलं, प्रार्थना केली. आज तिच्यासोबत तुम्हालाही लिहितोय, कारण हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आहे हे मला माहीत आहे.

आधी दशमांश मुळात काय होता ते बघू. नियमशास्त्रात तो शेतातल्या पिकाचा, फळांचा आणि गुराढोरांचा आहे. तो कशासाठी, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. गणना 18 मध्ये तो लेव्यांना मिळतो, कारण त्यांच्या वाट्याला जमीनच आलेली नव्हती. अनुवाद 14 मध्ये तर कुटुंबाने तो देवासमोर बसून आनंदाने खायचा आहे! आणि दर तिसऱ्या वर्षी तो आपल्याच गावात साठवायचा, म्हणजे लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावं. थोडक्यात तीन गोष्टी: देवापुढे आनंद, सेवकाचं पोट आणि वेशीतल्या गरिबाची भाकर.

आता मलाखी वाचा, पण आठव्या वचनापासून नको, पाचव्यापासून. तिथे देव कोणाविरुद्ध साक्ष देतो? मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि अनाथांना पिळणाऱ्यांविरुद्ध, परक्याचा हक्क मारणाऱ्यांविरुद्ध. मलाखी ज्या भांडाराबद्दल बोलतो ते धान्याचं कोठार आहे. नहेम्या 13 मध्ये दिसतं, की लेव्यांचा वाटा पोहोचेनासा झाला तेव्हा ते सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले. म्हणजे "लूट" या शब्दामागे माणसं होती. कुणाचं तरी ताट रिकामं झालं होतं. तेच वचन घेऊन एका भिजलेल्या धानाच्या घरातलं ताट रिकामं करायचं, हे मलाखीला तरी पटलं असतं का?

मग आज आपण दशमांशाच्या नियमाखाली आहोत का? माझं प्रामाणिक उत्तर: नाही. काही जण म्हणतात, अब्राहामाने तर नियमशास्त्राच्या आधीच मलकीसदेकाला दहावा भाग दिला. बरोबर आहे. पण तो एका लढाईच्या लुटीतून, आणि तसं त्याने पुन्हा केल्याचं शास्त्रात नाही. येशूने मत्तय 23:23 मध्ये परूश्यांना पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश सोडा असं म्हटलं नाही, हेही खरं. पण तेव्हा मंदिर उभं होतं, लेवी सेवेत होते आणि ऐकणारे नियमशास्त्राखाली होते. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना ज्या मोजक्या सूचना पाठवल्या, त्यात दशमांश नाही. पौल करिंथकरांना देण्याविषयी दोन पूर्ण अध्याय लिहितो. दहाचा आकडा एकदाही काढत नाही. आणि शापाचं म्हणाल तर गलतीकरांस 3:13 वाचा. ख्रिस्ताने तो स्वतःवर घेऊन आपल्याला सोडवलं आहे. जो शाप वधस्तंभावर फेडला गेला, त्याची वसुली कोणीही तुमच्या पगारातून करू शकत नाही.

पण थांबा. इथे "चला, सुटलो" म्हणून पान बंद करू नका.

आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मामा तलाव आहेत. शहरात वाढलेल्यांना सांगतो, इथे मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, तर "माजी मालगुजारी". कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले हे तलाव पिढ्यान्पिढ्या धानाच्या बांध्या भिजवत आले. मालगुजाराच्या काळात पाळ दुरुस्त करणं, गाळ काढणं, पाट मोकळे ठेवणं ही कामं व्हायचीच. त्याचा धाक असायचा. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली. तो जुलूम गेला हे चांगलंच झालं. तलाव सरकारजमा झाले. पण त्याबरोबर अनेक गावांत "हे आपलं काम" ही भावनाही गेली. गाळ साचत गेला, पाणी कमी झालं. मालगुजार कायद्याने गेला, गाळ मात्र कायद्याने गेला नाही.

शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावकडे, ढीवर समाजाच्या बायका अशा तलावांत उतरल्या. त्यांनी बेशरमची झाडं उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि मासे पुन्हा वाढू लागले. डोक्यावर मालगुजार नव्हता. तलाव आपला आहे एवढं त्यांना कळलं होतं.

कृपा म्हणजे हेच. दहाचा धाक गेला, पण ज्या कामासाठी तो भाग होता ते काम उभंच आहे. तुमच्या पाळकांच्या मुलीची फी अजून भरायची आहे. दर रविवारी तुमच्या मागच्या बाकावर बसणारी विधवा अजून एकटी आहे. नियम संपला म्हणून गरज संपत नाही. आता प्रश्न एवढाच, की धाक नसताना फावडं कोण उचलणार?

म्हणून बहिणी, आधी तुला सांगतो. तू देवाला लुटत नाहीस. मार्क 7 मध्ये काही लोक आईबापांना म्हणत, की तुम्हाला द्यायचं ते मी देवाला वाहिलं, कुर्बान केलं. प्रभूला याचा राग आला. परंपरेसाठी देवाची आज्ञा मोडणं, असं त्याने त्याला म्हटलं. बाबांच्या हातात पडणारे तुझे 9 हजार हे आज्ञापालन आहे. त्यातला एक रुपयाही कमी करू नकोस. आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 8:12 मध्ये पौल सांगतो, की मनापासून दिलेलं असेल तर जवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. उरलेल्या 3 हजारांतून 200 दे, 300 दे. पण ठरवून दे, भीतीने नको. पगाराच्या दिवशीच बाजूला काढ. दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला ज्याने पाहिलं, तो तुझे 200 पाहील.

आता आपल्यापैकी बाकीच्यांना, आणि आधी मला. माझा पगार दोनदा वाढला, फोन दोनदा बदलला. अर्पण मात्र तेच राहिलं, रविवारी क्यूआर कोड स्कॅन करून 100 रुपये. कोणी विचारलं तर माझं उत्तर तयार असायचं, "आपण आता नियमाखाली नाही, कृपेखाली आहोत." वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि मी त्याच्या आड लपलो होतो. जक्कयाला कोणी दहावा भाग मागितला नव्हता. त्याने अर्धं काढून दिलं. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः हालाखीत होत्या, तरी ऐपतीपलीकडे दिलं. आपल्या मराठी मंडळीतही रेव्हरंड ना. वा. टिळक आहेत. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एका युरोपीय प्रवाशाने नवा करार दिला. तो लोहमार्ग आपल्या भंडारा जिल्ह्यातूनच जातो. पुढे 1917 मध्ये त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून "देवाचा दरबार" सुरू केला. दहावा भाग त्यांच्या हिशेबातच उरला नाही.

ज्याचं घर नीट चाललं आहे, त्याने दहावा भाग सुरुवात म्हणून धरावा असं मला वाटतं. रोवणीच्या वेळी बांधीत दोरी लावतात ना, ओळ सरळ यावी म्हणून, तशी ती दोरी आहे. कोणासाठी ती फार पुढे असेल, कोणासाठी फारच मागे. पण दोरीच नसेल तर हात वाकडातिकडा जातो, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

आजसाठी एक पाऊल: मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट उघडा. देवाच्या कामाला आणि गरजवंताला किती गेलं, ते कागदावर लिहा. मग तो कागद प्रभूपुढे ठेवून विचारा, "प्रभू, यात भीती किती आहे, आणि प्रीती किती?" पुढच्या महिन्याचा आकडा त्याच्यासोबत ठरवा.

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, तू आपला एकुलता एक पुत्र दिलास आणि काही राखून ठेवलं नाहीस. ज्यांच्या हातात थोडं आहे त्यांच्या मनातून शापाची भीती काढ. ज्यांच्या हातात पुष्कळ आहे त्यांची मूठ उघड. आमच्या गावांतल्या सेवकांना आणि शेतकऱ्यांना यंदा भाकर कमी पडू देऊ नकोस, आणि ती पोहोचवायला आमचेच हात वापर. येशूच्या नावाने मागतो, आमेन.