पारडी आणि डोंगर

भूमिका वाटून घेऊन खेळल्या जाणाऱ्या अद्भुताच्या खेळांत यंत्र आणि मंत्र यांचा समतोल कसा राखावा, हा प्रश्न वरकरणी केवळ रचनेचा वाटतो. बंदूक आली की मांत्रिक निरुपयोगी ठरतो. मांत्रिक सर्वसमर्थ केला तर बंदूक घडवण्याचे कारणच उरत नाही. म्हणून रचनाकार दोघांनाही मर्यादा घालतो. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात मांत्रिकाला दिवसाकाठी मोजकेच मंत्र वापरता येत आणि वापरलेला मंत्र काडतुसासारखा संपून जाई. खेळ म्हणून ही योजना चोख आहे. परंतु मोजून दिलेला मंत्र हे निराळ्या घाटाचे यंत्रच होय. दोन्ही पारड्यांत एकच वस्तू ठेवून तोल साधल्याचे समाधान मिळवले जाते.

टोल्कीनला हे उमगले होते. मिल्टन वॉल्डमन यांना लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात त्याने यंत्र आणि जादू यांना एकाच वासनेची रूपे मानले आहे: आपली इच्छा अधिक वेगाने जगावर चालवण्याची वासना.

असे विश्व रचताना युरोपीय मध्ययुगाकडे धाव घेण्याची आपल्याकडे सवय पडली आहे. तिची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. तेथील आदिवासींच्या लेखी ते ठाकूरदेवाचे स्थान. जानेवारीत तेथे यात्रा भरते. भूगर्भशास्त्राच्या लेखी तो लोहखनिजाचा साठा. २००७ साली तेथे खाणपट्टा दिला गेला. २०२३ साली उत्खनन वर्षाला एक कोटी टनांपर्यंत वाढवण्यास पर्यावरणीय मंजुरी मिळाली. पवित्र डोंगर विरुद्ध लोखंडी राक्षस हा अद्भुतकथेचा साचा येथे लगेच हाताशी येतो. तो फसवा आहे, कारण मध्य भारताच्या वनप्रदेशाला लोखंड परके नाही. गडचिरोलीच्या उत्तरेकडील मैकल डोंगरांतले अगरिया भट्टीत लोहासुराचा वास मानून लोखंड गाळीत, याचे तपशीलवार वर्णन व्हेरिअर एल्विन यांनी 'द अगारिया' (१९४२) या ग्रंथात केले आहे. तेथे भाता आणि दैवत यांना तोलून पाहण्याचा प्रसंगच नव्हता. भट्टी पेटवणे हीच धातुविद्या होती आणि उपासनाही. माडियांच्या पंडुमांतही मर्यादा आहे: नवे फळ, नवे धान्य देवाला वाहिल्याखेरीज खायचे नाही. ही मर्यादा खेळातल्या मर्यादेहून जातीनेच वेगळी. खेळातली मर्यादा खेळाडूच्या बळाचा हिशेब ठेवते. पंडुमातली मर्यादा वस्तूवर आपल्याआधी दुसऱ्याचा हक्क आहे, हे मान्य करते.

म्हणून मंत्राची बाजू आपोआप नैतिक ठरत नाही. याच एटापल्ली तालुक्यात, बारसेवाडा येथे, मे २०२४ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून दोघांना जाळून मारण्यात आले. जादूटोण्याविरुद्धचा राज्याचा कायदा तेव्हा दहा वर्षांहून जुना झाला होता. वनदेवता आणि औषधी मुळ्या एका बाजूला, धूर आणि चाके दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी करणारे कल्पित विश्व हे दोन मृत्यू लपवते. (अद्भुताच्या अभ्यासकांनीही या बाबतीत फारसे सोवळे पाळलेले नाही.) त्या रात्री मंत्राने कोणाला काही विचारले नाही. सुरजागडला विरोध करणाऱ्या ग्रामसभांचा आक्षेपही न विचारले जाण्याचाच होता. यंत्राशी त्यांचे वैर असल्याचे दिसत नाही. गावात मोटारसायकली आहेत, मोबाइल आहेत, आणि यात्रेला त्यांची अडचण होत नाही.

तेव्हा कल्पित विश्वाच्या रचनाकारापुढे मंत्राला किती गुण द्यावेत हा प्रश्न दुय्यम ठरतो. त्या विश्वात नकार कोणाला देता येतो, हे त्याने आधी ठरवले पाहिजे. डोंगर ही खेळातली एक भूमिका मानली तर ती कोणीतरी घ्यावी लागेल. तिला आपली पाळी द्यावी लागेल. त्या पाळीत डोंगराने 'खणू नका' म्हटले तर कुदळ घेऊन उभ्या असलेल्या खेळाडूने काय करायचे, याचा नियम लिहिताना गुणांचा तक्ता कामास येणार नाही.