ताऱ्यांची वाटणी

जबलपूरहून नागपूरकडे निघाले की सिवनीच्या पुढे पेंचचे अरण्य लागते. त्याच्या महाराष्ट्रातील भागाला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. शहरांच्या उजेडात आकाशगंगा दिसेनाशी होते. म्हणून हौशी आकाशनिरीक्षक दुर्बिणी व कॅमेरे घेऊन अशा काळोखाच्या शोधात फिरतात. एका छायाचित्रासाठी तासन्‌तास प्रकाश साठवतात. केवढी ही चिकाटी!

काळोखाची ही ओढ आपणांस खटकेल. आपल्या उपदेशांत अंधार म्हणजे पाप. परंतु उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव अंधार नाहीसा करीत नाही. त्याला वेगळा करून ‘रात्र’ हे नाव देतो.

अनुवाद 4:19 मध्ये तारकापूजेविरुद्ध इशारा आहे, आणि आपण बहुधा तेथेच थांबतो. आकाशातील ज्योती परमेश्वराने सर्व राष्ट्रांच्या वाट्याला दिल्या, असाही त्याच वचनाचा आशय आहे. तेथील इब्री क्रियापदाचा धातू यहोशवाच्या पुस्तकात वतनभूमीच्या वाटणीसाठी येतो. मग आकाश हेही सर्वांचे वतन ठरते. आणि रात्रभर वर फेकलेला आपला झगमगाट, मंदिराच्या क्रूसावरचादेखील, शेजाऱ्याच्या मेरेची खूण सरकवणे नव्हे काय?

वाघाच्या रानाशेजारी राहणाऱ्या बाईला दिवा हवा, तारे नकोत, असे कोणी म्हणेल. ते रास्तच आहे. पेंचजवळच्या सिल्लारी परिसरातील गावांत रस्त्यावरचे दिवे विझवलेले नाहीत. त्यांची तोंडे तेवढी जमिनीकडे वळवली आहेत.