पात्र कोणी ठरवायचे?

सात्त्विक दान करताना देश, काल आणि पात्र पाहावे, असे गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे. परतफेडीची आशा न धरता, केवळ द्यायचे म्हणून द्यावे, हेही तेथेच आहे. ते आपण लवकर विसरतो. पात्र मात्र पक्के ध्यानात ठेवतो!

यवतमाळ जिल्ह्यात कीर्तनाला गेलो की हा 'पात्र' शब्द पोथीपेक्षा कचेरीच्या तोंडूनच अधिक ऐकू येतो. शेतकऱ्याने आत्महत्या केली की ते प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे समिती ठरवते. २००६ च्या शासन-नियमाप्रमाणे पात्र कुटुंबास १ लाख रुपये. पैकी ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. मात्र कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. आता बिनपरवान्याच्या सावकाराने ज्याचा जीव घेतला, त्याच्या बायकोने कोणता कागद दाखवावा? शास्त्रात पात्रविचार हे देणाऱ्याचे ओझे आहे. अर्जात ते घेणारीच्या डोक्यावर आले.

कचेरीला मी दोष देत नाही. पैसा जनतेचा आहे, ती कागद मागणारच. म्हणून तर जवळच्या निधीची, लोकांच्या संस्थेची गरज. २०१५ साली यवतमाळ आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) ह्या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू झाले, तेव्हा गावच्या समितीलाही मदतीच्या कामात घेतले. त्याच वर्षी नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे ह्यांनी 'नाम' संस्था काढली. कोणाची चूल आज पेटली नाही, हे शेजाऱ्याला कागदावाचून कळते. पण शेजाऱ्याला भावकी असते, पार्टी असते, जात असते. तेही सांगितले पाहिजे, नाही तर कीर्तन खोटे.

तुकोबांची कथा आपण सारे सांगतो. कर्जखतांच्या वाटण्या केल्या, धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपला तेवढा इंद्रायणीत सोडला. बुडाले ते काय? ऋणकोंची नावे! कोणाला ओट्यावर बोलावले नाही, हार घातला नाही. आणि दिले तेही स्वतःच्या वाट्यातले, भावाच्या नव्हे.

आपल्याकडे अगदी उलटे चालते बरं का. विधवेला मंडपात उभी करून, हातात धनादेश देऊन फोटो काढतात. ती पदर पुढे ओढते, छायाचित्रकार म्हणतो, "बाई, इकडे पाहा." आणि संस्थेचा हिशेब मागितला तर वही कपाटात! १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने हिशेब ठेवणे आणि तपासून घेणे विश्वस्तांवर बंधनकारक केले आहे; घेणाऱ्याचा फोटो काढा, असे कोणत्या कायद्यात आहे? वही चावडीवर उघडी ठेवावी आणि नाव दोघा-तिघा जाणत्यांपाशी राहावे. त्या दोघा-तिघांत एक तरी बाई असावी. विधवेचे दुःख पुरुषांच्या बैठकीत पुरते बोलले जात नाही.

राहिला काल. मृग बरसला, वावराला वापसा आला आणि बियाण्याचा पैसा मात्र पुढच्या बैठकीसाठी अडला, तर दिवाळीत आलेला धनादेश कितीही मोठा असो, त्या साली ते वावर पडीकच राहिले.