जुनी प्रणाली आणि तिनं बदललेलं जग

अलीकडे बँकेचा किंवा सरकारी खात्याचा जुनी संगणकप्रणाली बदलण्याचा प्रस्ताव चाळला, तर पहिल्या पानावर ‘प्रॉडक्ट थिंकिंग’, म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात करण्याचा विचार, हमखास भेटतो. पुढे कुठेतरी अट असते : जुन्या प्रणालीत जे जे होतं, ते ते सगळं नव्यात हवं. प्रोजेक्ट मॅनेजरला प्रॉडक्ट ओनर म्हणायचं, कामाचे पंधरवड्यांत तुकडे पाडायचे, पण रोज त्या स्क्रीनसमोर बसणाऱ्याला काही विचारायचं नाही. मला हा त्या विचाराचा निव्वळ गैरवापर वाटतो, आणि त्याचा त्रास काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला होतो.

संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच बजावलं होतं, की दुसरी प्रणाली बांधताना पहिल्या वेळी राहिलेलं सगळं कोंबण्याचा मोह होतो. नेटस्केपनं ब्राउझर मुळापासून पुन्हा लिहायला घेतला, त्यावर जोएल स्पोल्स्की यांनी २००० मध्ये केलेली टीका गाजली. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये जुन्याभोवती नवं हळूहळू वाढवण्याची रीत मांडली. सगळं एका झटक्यात नव्यानं लिहू नये, यावर आता फारसा वाद उरलेला नाही.

सॉफ्टवेअर कसं बदलत जातं याचे अभ्यासक मीर लेहमन यांचं म्हणणं मात्र आपण चुकीचं वाचतो. लॅस्लो बेलाडी यांच्यासोबत त्यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वाढीचा अभ्यास केला. वापरात असलेली प्रणाली सतत बदलत राहिली नाही तर तिची उपयुक्तता घटत जाते, हा त्यांचा १९७४ चा नियम सर्वांना ठाऊक आहे. त्यातून सॉफ्टवेअर म्हातारं होतं, मग तेच नव्या भाषेत लिहून काढावं, असा निष्कर्ष काढला जातो. पण कोड झिजत नाही. बदलतं ते भोवतालचं जग. १९८० च्या निबंधात लेहमन आणखी पुढे गेले. माणसांच्या व्यवहारात रुजलेला प्रोग्रॅम त्याच व्यवहाराचा भाग होतो आणि त्याला बदलतो, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे प्रणालीकडून काय हवं, हे एकदाच लिहून ठेवता येत नाही. प्रॉडक्ट थिंकिंगचं खरं मूळ मला इथे दिसतं.

रेल्वेचं आरक्षण पाहा. संगणक येण्यापूर्वी रांग खिडकीसमोर लागायची. २००२ मध्ये घरबसल्या तिकीट काढता येऊ लागलं, आणि आज एसीच्या तत्काळसाठी सकाळी दहाला, बिगर एसीसाठी अकराला हजारो बोटं स्क्रीनवर टेकलेली असतात. ही गर्दी त्या प्रणालीनं आणि तिच्या नियमांनी घडवली. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आली आणि लोकांच्या प्रवासाचं वेळापत्रकच हललं. अशा ठिकाणी ‘जसंच्या तसं’ म्हणजे कोणत्या दिवशीचं?

उलट बाजूही आहे : माणसंही प्रणालीला आपल्या कामासाठी वळवून घेतात. समजा, एखाद्या बँकेच्या जुन्या स्क्रीनवर वारसाच्या प्रकरणासाठी जागाच नाही. कारकून पत्त्याच्या तिसऱ्या ओळीत ‘खातेदार मयत, दाखला बाकी’ असं टाकून ठेवतो, आणि पुढे सगळी शाखा ती ओळ वाचूनच पैसे द्यायचे की थांबवायचे ते ठरवते. स्थलांतरात पत्ते ‘स्वच्छ’ होतात, ओळ उडते. चाचणी मात्र पास होते, कारण यादीत फक्त ‘पत्ता’ लिहिलेलं होतं. कारकुनानं काढलेली ही वाट कोड वाचून सापडत नाही, त्याच्या शेजारी बसूनच कळते.

म्हणून जुनी प्रणाली बदलायला निघालेल्यांकडून मी दोन याद्या मागेन : कोणते स्क्रीन आणि अहवाल कायमचे बंद करणार, आणि वापरणाऱ्यांनी कुठे कुठे अशा आडवाटा काढल्या आहेत. दुसरी यादी कोरी असेल, तर कोणीही शाखेत जाऊन बसलेलं नाही, आणि काम सुरू करायची घाई करू नये.